वाऱ्याने वारा ओढणारा मनोरा : गिअरबॉक्स नाकारणाऱ्या पवनचक्कीची गोष्ट

१९५० च्या दशकाच्या आरंभी, लंडनच्या उत्तरेस असलेल्या सेंट ऑल्बन्सजवळ एक विलक्षण पवनचक्की उभी राहिली. तिची दोन्ही पाती आतून पोकळ होती आणि त्यांची टोके उघडी होती. माथ्यावर ना जनित्र होते, ना दातेरी चाकांची पेटी. वर फिरणारे चक्र आणि खाली बसवलेले जनित्र यांना जोडणारा दांडा, पट्टा किंवा साखळी यांपैकी काहीही नव्हते. तरीही त्या मनोऱ्यातून वीज निघत असे.

ती कशी, हे समजण्यासाठी आधी एक जुनी अडचण समजून घ्यावी लागते.

वाऱ्याचे चक्र जितके मोठे, तितके ते सावकाश फिरते. जनित्राला मात्र वेग हवा असतो. चार्ल्स ब्रश याने १८८८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे आपल्या घरामागे १४४ पात्यांची, सुमारे १७ मीटर व्यासाची पवनचक्की उभारली. तेव्हा चक्राच्या एका फेऱ्यामागे डायनामोचे ५० फेरे व्हावेत, म्हणून त्याला पट्टे आणि कप्प्यांचा पसारा मांडावा लागला. एवढ्या खटाटोपातून १२ किलोवॅट वीज मिळे.

ब्रशची वीज तळघरातील बॅटऱ्यांत साठत असे, त्यामुळे वेग थोडा कमीजास्त झाला तरी बिघडत नव्हते. पुढे प्रत्यावर्ती प्रवाहाची सार्वजनिक जाळी आली आणि अडचण दुप्पट झाली. आता जनित्राने नुसते वेगात फिरून भागत नव्हते. जाळ्याच्या वारंवारितेशी जुळेल अशाच ठरावीक गतीने त्याला फिरावे लागे. वारा तर लहरी! १९४१ साली व्हरमाँटमधील ‘ग्रँडपाज नॉब’ या डोंगरावर पामर पटनम याच्या कल्पनेतून १,२५० किलोवॅटचे प्रचंड यंत्र उभे राहिले. त्यात मिनिटाला २८ ते २९ फेरे घेणाऱ्या चक्रापासून ६०० फेऱ्यांच्या जनित्रापर्यंत जाण्यासाठी गिअर होते आणि झटके सोसण्यासाठी मध्ये द्रवचलित जोड होती. १९४३ साली त्याचे मुख्य बेअरिंग निकामी झाले. युद्धकाळात दुसरे मिळेना, म्हणून यंत्र दोन वर्षे बंद राहिले. २६ मार्च १९४५ रोजी, पुन्हा सुरू होऊन काही आठवडेच झाले असताना, त्याचे एक पातेच तुटून पडले.

झां आंद्रो या फ्रेंच अभियंत्याने ही अडचण सोडवण्याऐवजी तिला वळसा घातला. धातूच्या चाकांनी गती वाढवायचीच कशाला? ते काम हवेकडून करून घ्यावे. पोकळ पाती फिरू लागली की केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे त्यांच्यातील हवा टोकांतून बाहेर फेकली जाते. आत दाब कमी होतो. मनोराही पोकळ असल्याने ती ओढ थेट खालपर्यंत पोहोचते आणि तळाजवळच्या झरोक्यांतून बाहेरची हवा वेगाने आत शिरते. या प्रवाहाच्या वाटेत एक लहान हवाई टर्बाइन बसवलेले होते. ते वेगाने फिरे आणि जनित्राला फिरवी. म्हणजे वरचे चक्र हा खरे तर एक पंप होता. वाऱ्याने वारा ओढायचा, आणि ओढलेल्या वाऱ्याने वीज करायची.

या रचनेचे सौंदर्य आजही नाकारता येत नाही. सर्वांत जड यंत्रसामग्री जमिनीलगत आली, त्यामुळे दुरुस्तीसाठी ३० मीटर चढण्याचे कारण उरले नाही. दोन भागांत घट्ट यांत्रिक जोड नसल्याने वावटळीचा धक्का दातेरी चाकांवर बसण्याचा प्रश्नच मिटला. ‘एनफील्ड केबल्स’ या इंग्रज कंपनीने या कल्पनेवर पैसा लावला तो काही वेडेपणाने नव्हे. युद्धानंतरचा ब्रिटन कोळशाच्या टंचाईने गांजलेला होता. १९४७ च्या कडक हिवाळ्यात तिथे वीजकपात सोसावी लागली होती. ई. डब्ल्यू. गोल्डिंग यांच्यासारखे संशोधक वाऱ्याच्या जागा शोधत देशभर मोजणी करीत होते. १९५१ साली ऑर्कनी बेटांवरील कोस्टा हेड येथे जॉन ब्राउन कंपनीने गिअर असलेली १०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. आंद्रोची पवनचक्कीही १०० किलोवॅटचीच होती, मात्र तिचे चक्र बरेच मोठे, सुमारे २४ मीटर व्यासाचे होते. जवळजवळ एकाच वेळी, एकाच देशात, दोन विरुद्ध विचार शेजारी तपासले जात होते.

हवेचा विचार हरला. वाऱ्याची शक्ती आधी पात्यांत, मग हवेच्या प्रवाहात, मग टर्बाइनमध्ये आणि शेवटी जनित्रात असा प्रवास करी, आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा काही भाग वाया जाई. लांब पोकळ वाटेतील घर्षण वेगळेच. एकूण कार्यक्षमता फार कमी भरली. वेल्समधील नियोजित जागेला स्थानिकांनी विरोध केला. अखेर ते यंत्र अल्जीरियाला गेले आणि १९५७ साली ‘ग्राँ व्हाँ’ येथे उभे राहिले. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘मोठा वारा’! त्या वेळी अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले होते. वसाहतीच्या वीज कंपनीच्या या प्रयोगाला तिथे फार आयुष्य लाभले नाही.

गिअरवाल्या कोस्टा हेडच्या यंत्राचेही दिवस काही वर्षांतच भरले, हे मात्र विसरले जाते. स्वस्त तेल आणि अणुवीज यांच्यापुढे दोघांचाही निभाव लागला नाही. टिकला तो डेन्मार्कचा योहानेस यूल. त्याने १९५७ साली गेसर येथे २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली आणि मिनिटाला ३० फेऱ्यांवरून ७५० फेऱ्यांवर जाण्यासाठी चक्क साखळ्या वापरल्या. कल्पकतेत ती आंद्रोच्या पासंगालाही पुरत नाही. पण ती दहा वर्षे वीज देत राहिली आणि १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर अभियंत्यांनी धडे घेतले ते तिच्याकडूनच. ठरावीक गती, गिअरबॉक्स आणि थेट जाळ्याला जोडलेले जनित्र ही ‘डॅनिश’ घडण तिथून जगभर पसरली.

मग १९९० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील ऑरिख येथील ‘एनरकॉन’ कंपनीने, आलोइस वोबेन यांच्या नेतृत्वाखाली, ई-४० हे ५०० किलोवॅटचे यंत्र आणले. त्यात गिअरबॉक्स नव्हता. जनित्र मोठ्या कड्यासारखे केलेले होते आणि ते चक्राच्याच सावकाश गतीने फिरे. ही कल्पनाही नवी नव्हती. अमेरिकेच्या माळरानांवर जेकब्स बंधूंच्या लहान पवनचक्क्या १९३० च्या दशकातच थेट जोडणीने चालत आणि शेतघरांच्या बॅटऱ्या भरत. जर्मनीत हेर्मान होनेफ यानेही त्याच काळात शेकडो मीटर उंच मनोऱ्यांवर उलटसुलट फिरणाऱ्या चक्रांच्या कडांवरच जनित्र बसवण्याचे आराखडे काढले होते. जेकब्सना जे साधले ते मोठ्या यंत्रात साधत नव्हते, कारण बदलत्या गतीची वीज जाळ्याच्या वारंवारितेत आणायचे किफायतशीर साधनच नव्हते. ते साधन म्हणजे अर्धवाहकांचे परिवर्तक. ते स्वस्त झाले आणि गिअरची सक्ती संपली.

आंद्रोने हवेला दिलेले काम पुढे तेलाकडेही सोपवून पाहण्यात आले. २०१० च्या दशकाच्या मध्यास स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हंटरस्टन येथे मित्सुबिशीने ७ मेगावॅटचे यंत्र उभारले. त्यात चक्र पंप चालवी आणि उच्च दाबाचे तेल जनित्र फिरवी. तंत्र एडिंबराच्या ‘आर्टेमिस’ या संस्थेचे होते. परंतु २०१४ साली मित्सुबिशीने समुद्रातील पवनऊर्जेसाठी डेन्मार्कच्या ‘वेस्टास’शी भागीदारी केली, आणि त्या भागीदारीने बाजारात नेलेल्या यंत्रात पुन्हा गिअरबॉक्सच होता.