टळटळीत दुपार आणि दोर वळणारे हात

सकाळी दहा ते दुपारी दोन. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती विरक्तांना दिवसाचा हा भाग सर्वांत जड जात असे. जेवण दिवसातून एकदाच, तेही तीनच्या सुमाराला. ऊन डोक्यावर आले की सूर्य जागचा हलेनासा वाटे. मग खोलीत बसवत नसे. खिडकीतून बाहेर पाहावे, दारात येऊन सूर्य किती कलला याचा अंदाज घ्यावा, कुणी येते आहे का म्हणून वाट न्याहाळावी. राहत्या जागेचा वीट, हातातल्या कामाचा वीट, आणि आपल्यावर आता कुणाचीच माया उरलेली नाही अशी मनाची पक्की समजूत. त्यातच घरच्यांची आठवण येई आणि उरलेले लांबलचक आयुष्य डोळ्यांपुढे पसरे. त्यात असलेच दिवस भरलेले दिसत.

हा सगळा तपशील त्यांच्यातल्याच इव्हाग्रियस पोंटिकस याने लिहून ठेवला आहे. या अवस्थेला तो ‘दुपारचा दैत्य’ म्हणतो. ग्रीक भाषेत तिचे नाव अकेडिया. अकेडिया म्हणजे आजचे नैराश्य, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. त्याच्या लेखी हा साधकाच्या वाटेवरचा शत्रू होता, आजार नव्हे. तरीही नैराश्य जवळून पाहिलेल्या माणसाला ही दुपार अनोळखी वाटणार नाही. त्याहून मोलाचे म्हणजे, या लोकांनी तिच्यावर जे उपाय शोधले ते अतिशय व्यवहारी होते.

इव्हाग्रियसला हे सारे पुस्तकातून कळलेले नव्हते. काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पोंटस प्रांतात सुमारे ३४५ साली जन्मलेला हा बुद्धिमान तरुण कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये झपाट्याने नावारूपाला आला. तिथे तो एका उच्चकुलीन विवाहित स्त्रीत गुंतला आणि घाबरून जेरुसलेमला निघून गेला. जेरुसलेममध्ये तापाने त्याला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवले. वैद्यांचे काही चालेना. ऑलिव्ह पर्वतावर मठ चालवणाऱ्या मेलानिया या रोमन स्त्रीने त्याला विश्वासात घेतले, मनातले काढून घेतले. बरा झाल्यावर ३८३च्या सुमारास तो इजिप्तला गेला. आधी दोन वर्षे नित्रियाच्या वस्तीत आणि मग मृत्यूपर्यंत, म्हणजे ३९९पर्यंत, केलियात.

केलिया ही नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेला असलेली वस्ती. खोल्या एकमेकींपासून लांब लांब. आठवडाभर एकांत, शनिवार-रविवारी सगळ्यांनी एकत्र जमायचे. पुढे ही जागा विस्मृतीत गेली. १९६४ साली आंत्वान गियोमाँ या फ्रेंच अभ्यासकाला ती पुन्हा सापडली. हे गियोमाँ इव्हाग्रियसच्याच ग्रंथांचे जाणकार. त्यानंतरच्या पाहणीत तिथे दीड हजारांच्या घरात विरक्तांच्या वास्तू आढळल्या. त्यांतल्या बहुतेक इव्हाग्रियसनंतरच्या शतकांतल्या आहेत, म्हणजे हा प्रयोग चार-दोन विक्षिप्त माणसांपुरता नव्हता.

उपायांतला पहिला कडक वाटेल: त्या घटकेला खोली सोडायची नाही. त्यामागचे कारण मात्र समजून घेण्याजोगे आहे. मन उदास असताना जागा बदलली की बरे वाटेल असे वाटते आणि उदासी बरोबरच येते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले होते. दुसरा उपाय, कामाचे माप आधी ठरवायचे आणि तेवढे झाल्याशिवाय उठायचे नाही. तिसरा श्रद्धेतला. रडू आवरत नसेल तर इव्हाग्रियस सांगतो की आपल्या मनाचे दोन भाग करावेत. एकाने धीर द्यावा, दुसऱ्याने तो घ्यावा, आणि धीराचे शब्द स्तोत्रातून घ्यावेत. याच कामासाठी त्याने बायबलमधली जवळजवळ पाचशे वचने निवडून एक पुस्तक रचले. कोणता विचार छळू लागला की कोणते वचन म्हणायचे, अशी त्याची मांडणी. त्यातला एक पूर्ण भाग अकेडियासाठी. खचलेल्या माणसाला त्या क्षणी स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा दुसऱ्या कुणाचे, शेकडो वर्षे घोळलेले शब्द तोंडाशी असणे हा केवढा आधार असतो, हे त्याला ठाऊक होते.

आणि काम म्हणजे काय? खजुराची पाती पाण्यात भिजत घालायची, मऊ झाली की त्यांचे दोर वळायचे, टोपल्या आणि चटया विणायच्या. नित्रियात लिननचे काम चाले. इव्हाग्रियस स्वतः हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरी. विणलेला माल बाजारात जाई, त्यावर भाकरी येई. हात गुंतलेले, तोंड स्तोत्र म्हणायला मोकळे, असे हे काम.

या परंपरेतली एक कथा अँथनीची. ३५६ साली मरण पावलेला अँथनी हा या विरक्तांचा आद्य पुरुष. ‘वाळवंटातील वडीलधाऱ्यांची वचने’ या संग्रहात अगदी सुरुवातीलाच तो अकेडियाने ग्रासलेला भेटतो. ज्याच्या निग्रहाच्या कहाण्या सांगत पिढ्या गेल्या, त्याची पहिली ओळख हताश माणूस म्हणून करून द्यावी, यात संग्रह करणाऱ्यांचे शहाणपण दिसते. काय करू, असे तो देवाला विचारतो. बाहेर येतो तर त्याला स्वतःसारखाच एक माणूस दिसतो: बसून दोर वळतो आहे, उठून प्रार्थना करतो आहे, पुन्हा बसून दोर वळतो आहे. तो देवदूत असतो. उपदेश एवढाच, की तूही असेच कर. या कथेत कुणी अँथनीला दुःखाची कारणे समजावून देत नाही, की त्याच्याशी वाद घालत नाही. बसणे, उठणे, हात चालवणे आणि हात जोडणे, इतकेच त्याला दाखवले जाते.

जॉन कॅसियन या विरक्ताने नोंदवलेली अब्बा (म्हणजे वडीलधारे) पौलची गोष्ट याच्याही पुढची. पौल शहरापासून सात दिवसांच्या वाटेवर राहत होता. खजूर आणि छोटीशी बाग एवढ्यावर त्याचे भागे. माल विकायला नेला तर वाहतुकीचा खर्च किमतीपेक्षा जास्त. तरी तो रोज पाती गोळा करी, पोटापाण्यासाठी करावे तसे ठरलेले काम पुरे करी, आणि वर्षभराच्या कामाने गुहा भरली की सगळे जाळून टाकी. हे काम बाजारासाठी नव्हतेच, कामावाचून माणूस जागेवर टिकत नाही म्हणून होते.

या जगात स्त्रियाही होत्या, आणि त्यांचे निरीक्षण काकणभर अधिक बारीक आहे. अलेक्झांड्रियाची सिंक्लेटिका दुःखाचे दोन प्रकार करते: एक उपयोगी, माणसाला सुधारणारे, दुसरे निव्वळ पोखरणारे, ज्याला प्रार्थनेने आणि स्तोत्रगायनाने हुसकावून लावावे. थिओडोरा सांगते की ही अवस्था शरीरातही उतरते, गुडघ्यांतले बळ जाते. नित्रियात वैद्य राहत होते, अशीही नोंद पॅलॅडियस या त्या काळच्या लेखकाने केली आहे. प्रार्थना करणाऱ्यांना औषधाचे वावडे नव्हते.

पुढे मात्र या समजुतीचे मातेरे झाले. कॅसियनने ती पश्चिमेला नेली. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या मठाधिपतीच्या मठनियमाने श्रम आणि वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या, तोवर ठीक होते. पण पोप ग्रेगरीने दुर्गुणांची आपली यादी केली तेव्हा त्यात अकेडियाचे वेगळे स्थान राहिले नाही. मध्ययुगात ती परतली ती आळसाचे पाप होऊन. १२१५च्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येकाला वर्षातून एकदा कबुलीजबाब सक्तीचा केला आणि धर्मकर्तव्यात चालढकल करणाऱ्यांच्या माथी हा शब्द बसू लागला. वाळवंटात ज्याच्याशी सगळेच झुंजत, तो शत्रू आता एकेका माणसाचा गुन्हा झाला. नैराश्यातल्या माणसाला ‘आळशी’ म्हणण्याची जी क्रूर सवय आजही घराघरांत आहे, तिला युरोपात धर्माचा शिक्का मिळाला तो असा.

उलट दिशेचे उदाहरण इंग्लंडातले. १७९६ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी यॉर्क इथे ‘रिट्रीट’ उघडले. साखळदंडांच्या त्या काळात तिथे मनोरुग्णांना बागकाम, शिवणकाम, प्रार्थनासभा आणि पाहुण्यासारखे चहापान मिळे. विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने हे उभारले, कारण यॉर्कच्याच वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली हॅना मिल्स ही क्वेकर स्त्री दगावली होती आणि तिच्या पंथबंधूंना तिला भेटूही दिले गेले नव्हते.

विसाव्या शतकात मानसशास्त्र वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले. १९७०च्या दशकात अमेरिकेत पीटर लेविन्सन यांनी मांडले की नैराश्यात माणूस कृती सोडतो, त्यामुळे समाधान देणारे प्रसंग आटतात आणि नैराश्य वाढते. म्हणून उत्साह येण्याची वाट न पाहता छोट्या, ठरलेल्या कृतींपासून सुरुवात करावी. या उपचारात देवदूत नाही, स्तोत्र नाही, तरी दोर वळणारा तो माणूस त्यात ओळखू येतो.

या उपचाराची एक मोठी कसोटी गोव्यात झाली. ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर केलेली ही चाचणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाली. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते; स्थानिक, या कामासाठी प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. दिवस कसा जातो ते विचारायचे आणि झेपेल अशी कृती मिळून ठरवायची. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीची, थोडी सुधारलेली सेवाच मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभराने पुन्हा पाहणी झाली तेव्हाही फायदा टिकून होता.