लोणावळ्याचा ‘ळ’

घाट चढून गाडी लोणावळ्यास आली, कीं फलाटावर एकच नांव दोन लिप्यांत दिसतें. देवनागरींत ‘ण’ आणि ‘ळ’ जागच्या जागीं. रोमनांत त्यांचे साधे ‘न’ आणि ‘ल’ झालेले. बोरघाटांतून लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हें गांव कोठें ‘लानौली’, कोठें ‘लोनौली’ म्हणून भेटतें. साहेबाच्या कानास हंसणें सोपें आहे, परंतु खरी उणीव त्याच्या लिपींतही होती. आतां तर परगांवच्या प्रवाशांच्या तोंडीं ‘लोनावला’च रुळत चालला आहे.

ध्वनिवेत्त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १८८६ सालीं पॅरिसला निघाली. तिच्या वर्णमालेंत पुढें मूर्धन्य वर्णांसाठीं अक्षरास उजवीकडे वळलेलें शेपूट मिळालें. ‘ळ’ म्हणजे शेपटीचा ‘एल’. हें शेपूट संगणकांत आणावें कसें? अमेरिकेच्या १९६७ च्या संकेतावलींत जागा अवघ्या १२८, आणि छापतां येण्याजोगीं चिन्हें ९५! म्हणून लंडनचे जॉन वेल्स यांनी १९९५ सालीं साध्या चिन्हांची योजना मांडली: अक्षरापुढें एक उलटी टिकली दिली, कीं तें मूर्धन्य. आमच्या अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’मध्यें मोठा ‘एल’ लिहिला, कीं देवनागरी ‘ळ’ उमटतो. मोठ्या ‘एन’चा ‘ण’ होतो.

वेल्स यांच्या खुणांवरून खरीं ध्वनिचिन्हें करणारी आज्ञावली डावीकडून वाचते, पण तिनें सर्वांत लांब खूण आधीं ताडून पाहावी लागते. तसें न केल्यास एकट्या ‘एल’चा ‘ल’ होतो, टिकली मागें उघडी पडते, आणि साहेबाचीच चूक यंत्र नव्यानें करतें.

मात्र जें लिहिलेंच नाहीं तें यंत्र देईल कोठून? देवनागरीनेंही फार मिरवूं नये. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन निराळे ‘च’ आपण एकाच अक्षरांत लिहितों. मराठी माणसास भेद ठाऊक असतो, यंत्रास तो सांगावा लागतो.

लोणावळ्याहून कार्ल्याचें लेणें जवळच. तेथें वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा ब्राह्मी लेख आहे. १८३७ सालीं प्रिन्सेपनें ही लिपी उलगडली, पुढें एमिल सेनार यांनी कार्ल्याचे लेख रोमनांत उतरवले. ‘ठ’खालचें टिंबही सुटलें नाहीं. पण त्या काळचे प्राकृत लेख जोडाक्षरांतलें द्वित्व दाखवीत नाहींत. उच्चार बहुधा ‘सेट्ठि’ असावा. पालींत तो तसाच आहे. दगडांत मात्र एकच ‘ठ’. आम्ही त्या ओसरींत उभें राहून शब्द दोन्ही परींनी म्हणून पाहिला.