घरगुती वेब सर्व्हर

स्वतःचे संकेतस्थळ भाड्याच्या सर्व्हरऐवजी घरच्या संगणकावरून चालवण्याची पद्धत. अपाची (१९९५) हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवरही चालते. खरी अडचण पत्त्याची. घरगुती जोडणीचा आयपी पत्ता बहुधा बदलता असतो. त्यामुळे डायनॅमिक डीएनएस सेवा डोमेन नावाला वेळोवेळी नवा पत्ता जोडून देते. राउटरमध्ये ८० व ४४३ हे पोर्ट त्या संगणकाकडे वळवावे लागतात. सेवादात्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला असेल, तर हा उपायही लंगडा पडतो; राउटरवर १००.६४ने सुरू होणारा पत्ता दिसला, की हेच समजावे. मग आयपीव्ही६ किंवा बाहेरच्या सर्व्हरमार्फत टनेल वापरतात. टनेलमध्ये घरगुतीपण कितपत उरते, हा प्रश्नच. वीज गेल्यास संकेतस्थळही बंद पडते, म्हणून संगणकाबरोबर राउटरही यूपीएसवर ठेवतात.