सात निवडणुका, पाच वेळा ताई

१९९५ ते २०२४ या काळात महाराष्ट्रात विधानसभेच्या सात निवडणुका झाल्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली मतदारसंघाने त्यांतल्या पाच वेळा बाईला निवडून दिलं. रेखाताई खेडेकर १९९५, १९९९ आणि २००४ अशा लागोपाठ तीनदा, तर श्वेता महाले २०१९ आणि २०२४ असं दोनदा. मधली दहा वर्षं राहुल बोंद्रे यांची. ही जागा महिलांसाठी राखीव नव्हती, कारण विधानसभेत तसं आरक्षण आजही लागू झालेलं नाही. १९९५ साली २८८ जणांच्या सभागृहात महिला आमदार होत्या ११. आकडा २०१९ मध्ये २४ वर गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा २१ वर उतरला. हे पाहिलं की चिखलीचा हिशेब किती वेगळा आहे ते कळतं.

अमडापूर याच मतदारसंघातलं. चिखलीहून खामगावकडे निघालं की वाटेत लागणारं मोठं गाव, टेकडीवरच्या बल्लाळदेवीमुळे पंचक्रोशीत ठाऊक असलेलं. २००८ च्या फेररचनेनंतरच्या चिखली मतदारसंघात चिखली शहर, उंद्री-अमडापूरकडची महसूल मंडळं आणि बुलढाणा तालुक्यातला धाडकडचा तुकडा एकत्र आला. सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणारा हा भाग. आमदार निवडून कसा येतो आणि निवडून यायच्या आधी तो काय असतो, याचा शंभर वर्षांचा इतिहास अशा गावातून फार स्वच्छ दिसतो.

सुरुवात एका कायदेशीर गमतीने झाली. चिखली-अमडापूर ज्यात येतं तो वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, तरी कागदोपत्री मुलूख निजामाचा. १९०३ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन मध्यप्रांताला जोडला गेला, तेव्हाही निजामाची मालकी तशीच राहिली. पुढे नागपुरात कायदेमंडळ भरू लागलं, तेव्हा पेच पडला : जो प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच नाही, तिथून प्रतिनिधी निवडायचा कसा? तोडगा असा निघाला की वऱ्हाडात निवडणूक घ्यायची आणि जिंकलेल्या माणसाला सरकारने वरून ‘नियुक्त’ करायचं. मतदारांनी निवडलेला सदस्य दप्तरात मात्र सरकारनियुक्त. त्यातही मताचा हक्क ठरावीक सारा भरणाऱ्यांना, म्हणजे गावात पाटील, देशमुख आणि दोन-चार बडे खातेदार. कूळ, सालदार, बलुतेदार यांच्यापर्यंत हा प्रकार पोहोचलाच नाही.

तरी त्या काळातही चिखलीतून वेगळा आवाज उठला होता. महात्मा फुल्यांचं मराठीतलं एक आरंभीचं चरित्र १९२७ मध्ये निघालं ते पुण्या-मुंबईतून नव्हे, चिखलीतून. लिहिणारे पंढरीनाथ सीताराम पाटील सत्यशोधक कार्यकर्ते होते आणि पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळातही बसले. त्याच पिढीत पंजाबराव देशमुख १९३० मध्ये कायदेमंडळावर निवडून आले, शिक्षणमंत्री झाले आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. चिखलीचं शिवाजी महाविद्यालय याच संस्थेचं. शाळा काढणारा माणूस कायदेमंडळात जातो, ही वऱ्हाडची वाट तेव्हा पडली. ती अजून मोडलेली नाही.

बायकांचं म्हणाल तर १९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांपैकी ३ महिलांसाठी राखल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळे १९३७ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. गंमत अशी की स्वातंत्र्यानंतर त्या राखीव जागा गेल्या आणि खुल्या मैदानात बाईला तिकीट देण्याचं धाडस पक्षांना फार उशिरा सुचलं.

वऱ्हाड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. गावाच्या दृष्टीने त्याहून मोठी उलथापालथ १९६२ ची. वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी बंद करणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी १ मेपासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आता सत्तेची शिडी नवी होती : सेवा सहकारी सोसायटी, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, जिल्हा बँक, मग विधानसभा. चढणारी घराणी बरीचशी जुनीच, पण पायऱ्या निवडणुकीच्या. ‘पाटील’ म्हणून वाड्यावर बसून भागत नव्हतं, दारोदार जाऊन मत मागावं लागत होतं.

चिखलीत या शिडीवर दीर्घकाळ बोंद्रे आडनाव दिसतं. जनुभाऊ बोंद्रे आमदार झाले, भारत बोंद्रे आमदार आणि पुढे मंत्री. सिद्धविनायक ऊर्फ तात्यासाहेब बोंद्रे यांनी शिक्षणाचा मार्ग धरला आणि १९९३ मध्ये चिखलीत अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. त्यांचे चिरंजीव राहुल २००९ मध्ये विधानसभेत गेले. शेतकऱ्याच्या पोराला गावाजवळ इंजिनिअरिंगला प्रवेश मिळणं ही नव्वदच्या दशकात लहान गोष्ट नव्हती. संस्था म्हणजे नोकऱ्या, नोकऱ्या म्हणजे कार्यकर्ते, हे गणितही कोणी लपवत नाही.

या बळकट तटबंदीला १९९५ मध्ये खिंडार पडलं. त्या वर्षी राज्यात युतीची सत्ता आली आणि चिखलीतून भाजपच्या रेखाताई खेडेकर निवडून आल्या. त्यांची राजकीय जागा विलक्षण होती. पती पुरुषोत्तम खेडेकर हे १९९० मध्ये स्थापन झालेल्या मराठा सेवा संघाचे संस्थापक. त्या संघटनेची वैचारिक भूमिका संघपरिवाराच्या थेट विरोधात. घरात एक झेंडा, सभागृहात दुसरा. तरीही तीन वेळा लोकांनी त्यांना पाठवलं. मुंबईच्या राजकीय पंडितांना हे कोडं वाटलं असेल. चिखलीच्या मतदाराने मात्र जात, पक्ष, माणूस आणि घराणं यांची आपापली वजाबाकी करून उत्तर काढलं होतं.

श्वेता महाले यांची चढण निराळी. त्या आधी बुलढाणा जिल्हा परिषदेत निवडून आल्या, महिला व बालकल्याण समितीच्या सभापती झाल्या, मग २०१९ मध्ये त्यांनी राहुल बोंद्रे यांना हरवलं. २०२४ मध्ये पुन्हा तीच लढत, पुन्हा तोच निकाल आणि दोन्ही वेळा फरक अवघ्या काही हजारांचा. या वाटेमागे एक कायदा आहे. पंचायत राज संस्थांत महिलांना आधी एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. ‘सरपंचपती’ नावाचा कुचेष्टेचा शब्द त्यातून जन्मला हे खरं, पण अंगणवाडीचं बांधकाम, पोषण आहाराचा पुरवठा, टंचाईतले टँकर असल्या बैठकांत पाच वर्षं बसलेली बाई विधानसभेला नवखी राहत नाही, हेही तितकंच खरं.

निवडून आल्यावर अमडापूरसारख्या गावात आमदाराकडे काय मागितलं जातं? धोरण कोणी मागत नाही. डीपी जळाली, ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी लाइन नाही. पांदण रस्ता अडला. पीकविम्याचे पैसे शेजारच्या गावाला आले, आपल्याला नाही. देवळापुढे सभामंडप हवा. आमदाराच्या लेटरपॅडवर दोन ओळींचं शिफारसपत्र, त्यावर निळ्या शाईची सही, आणि ते घडी घालून खिशात ठेवून तहसीलकडे निघालेला माणूस : चिखली-बुलढाण्याच्या बसमध्ये असा एक तरी प्रवासी असतोच. स्थानिक विकास निधी २०२२ मध्ये वर्षाला ५ कोटींवर गेला. ऐकायला मोठा, पण दोन तालुक्यांतल्या गावांत वाटायला बसलं की प्रत्येकाच्या वाट्याला नालीचा एक तुकडा येतो.

मोठ्या मागण्या पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या तिथेच राहतात. जलंबहून खामगावची रेल्वे १८७० मध्ये आली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला हजर. ती कापसासाठी होती आणि खामगावलाच थांबली. खामगाव ते जालना, चिखलीमार्गे, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी. पाहण्या झाल्या, मोर्चे निघाले, प्रत्येक जाहीरनाम्यात तिला जागा मिळाली. नियुक्त सदस्यापासून ताईंपर्यंत सगळ्यांनी हा प्रश्न वारशात घेतला.

आता पुढचा फेरा येतो आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या एकतृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या आहेत. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ते लागू व्हायचं. अमडापूर तेव्हा चिखलीतच राहतं की सीमा पुन्हा हलते, हे नकाशा ठरवील. जागा राखीव निघालीच तर इतर मतदारसंघांत उमेदवार बाई शोधण्यासाठी धावपळ उडेल. चिखलीत मात्र ती शोधाशोध फक्त एकाच बाजूला करावी लागेल.