टपालहंशील आणि तारेवरचें पत्र

नव्या साधनाची किंमत त्याच्या वेगावरून करण्याची आपणांस संवय झाली आहे. परंतु पत्रव्यवहाराच्या इतिहासांत वेगापेक्षांहि एक प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. शेवटच्या मुक्कामापर्यंत पत्र नेण्याचा खर्च कोणावर पडतो, हा तो प्रश्न होय.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें आणि पुढच्याच वर्षीं हिंदुस्थानांत टपालाचा नवा कायदा अमलांत आला. त्यापूर्वीं पत्राचें हंशील अंतराप्रमाणें वाढत असे. १८५४ पासून तें केवळ वजनावर ठरूं लागलें. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा. मग तें पत्र मुंबईंतल्या मुंबईंत जावो, कीं आज यवतमाळ जिल्ह्यांत असलेल्या महागावासारख्या दूरच्या गांवीं जावो. अंतराचा भार टपालखात्यानें आपल्या शिरावर घेतला, हेंच त्या कायद्याचें खरें मर्म.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेटची सेवा सर्वसामान्य ग्राहकांस खुली केली. १९८६ सालीं सुरू झालेल्या ‘अर्नेट’ योजनेमुळें ई-मेल संशोधनसंस्थांस परिचित झाली होती. आतां ती घरगुती ग्राहकासहि मिळूं लागली. आरंभीं सामग्री अपुरी पडली, जोडणी मिळेना, मिळाली तर टिकेना. आपलें चुकलें, हें निगमाचे तत्कालीन अध्यक्ष बी. के. सिंगल यांनीं पुढें उघडपणें मान्य केलें.

तथापि सारा दोष निगमाचा नव्हता. पत्र उतरवून घेण्याची रीतच कठोर होती. ग्राहकाचीं पत्रें दूरच्या संगणकांत सांचून राहत आणि मोडेमनें दूरध्वनी लावून तीं घरच्या यंत्रांत ओढून घ्यावीं लागत. या कामाच्या ‘पॉप’ नामक नियमावलीप्रमाणें, घरच्या यंत्रानें रीतसर निरोप घेतल्याखेरीज एकहि पत्र दूरच्या पेटींतून काढलें जात नसे. आणि अर्धें उतरलेलें पत्र तुटल्या जागेपासून पुढें घेण्याची तींत सोय नव्हती. पत्र गहाळ होऊं नये म्हणून ही सावधगिरी योग्यच; पण तार तुटली कीं पुन्हां श्रीगणेशा! त्यांतच पत्रासोबत छायाचित्र धाडावयाचें तर त्याचे दर तीन बाइट अक्षररूपांत चार होत. नऊ लाख बाइटांचें चित्र अशा रीतीनें बारा लाखांचें होई, आणि सेकंदास ९,६०० बिटांच्या वाहिनीवरून, कांहींहि विघ्न न येतां, तें उतरावयास हजार सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून अधिक वेळ लागे.

आतां महागावांतील एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. मुलगा परदेशीं आहे. त्याच्या दोन ओळींच्या खुशालीपुढें कोणा स्नेह्याचें छायाचित्र रांगेंत उभें आहे. सेवेचें प्रवेशद्वार मोजक्या महानगरांत, म्हणून दूरध्वनीचा आकार बाहेरगांवचा, अंतरावर आणि मिनिटांवर मोजलेला. पंधराव्या मिनिटाला तार तुटली तर हातीं कांहीं नाहीं. बिल मात्र कायम. अमेरिकेहून मुंबईपर्यंत पत्र क्षणांत आलें; मुंबईहून महागावास नेण्याचा भार मात्र वाचणाराच्या माथीं बसला. १८५४ सालीं घालवून दिलेला अंतराचा दंड १९९५ सालीं मागल्या दारानें परत आला तो असा.

कोणी म्हणेल, ही चार दिवसांची अडचण. तिचें एवढें काय? नोव्हेंबर १९९८ मध्यें हा व्यवसाय खाजगी कंपन्यांस खुला झाला, पुढें मोबाइल आला आणि पत्रावरचा अंतराचा आकार खरोखरच नाहींसा झाला. हें सर्व मान्य. पण आईबापांना मुलाच्या खुशालीची वाट पाहावयाची असते ती त्याच चार दिवसांत. नव्या साधनाचें पहिलें पत्र किती जलद गेलें, हें इतिहासकार टिपून ठेवतात. शेवटच्या गांवच्या दाराशीं तें कोणाच्या खर्चानें पोहोंचलें, हेंहि त्यांनीं टिपावयास हवें.