इंजिनाचे मिसिंग व ओढ कमी होणे : निदान

मोटारीच्या एखाद्या सिलेंडरमध्ये ठरलेल्या क्षणी इंधन न पेटणे किंवा अर्धवट पेटणे म्हणजे मिसफायर; गॅरेजच्या बोलीत मिसिंग. आजच्या मोटारींच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर एका सिलेंडरमध्ये सेकंदाला २५ भडके व्हायला हवेत. त्यातले थोडे चुकले तरी चालवणाऱ्याला झटका जाणवतो.

‘गाडी मिसिंग करते’ आणि ‘गाडी ओढत नाही’ या दोन तक्रारी एका दमात सांगितल्या जातात, पण त्या एक नव्हेत. मिसिंग असले की ओढ कमी होतेच. ओढ कमी झाली म्हणून मिसिंग असतेच असे नाही. आयडलिंगला इंजिन थरथरते, सायलेंसरचा आवाज तुटक येतो, रेस दिल्यावर गाडी हिसके खाते, तर मिसिंग समजावे. इंजिन एकसारखे चालते पण चढाला दम धरत नाही, तर चोंदलेला एअर फिल्टर, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, फाटलेला टर्बोचा पाइप, अडकलेला ब्रेक किंवा घसरणारा क्लच पाहावा. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात, गाडीचा वेग मात्र वाढत नाही. हा फरक आधी न करता प्लग बदलायला घेणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधणे होय.

मिसिंग कधी उघडे पडते हे रस्त्यावर आणि हंगामावरही ठरते. उदाहरणार्थ, कागल तालुक्यातील मुरगूड वेदगंगेच्या काठी, निपाणीहून राधानगरी-दाजीपूरमार्गे कोकणात जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथली गाडी कोकणातून परतताना फोंडा घाट चढते, तेव्हा सपाटीवर लपलेला दोष उघडा पडतो. भार वाढला की सिलेंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. हे व्होल्टेज देणारी कॉईल दुबळी असेल तर ती तिथे हात टेकते. पावसाळ्यात कॉईलच्या रबरी टोपीला बारीक तडा असला तरी ओलीमुळे ठिणगी प्लगच्या बाहेरूनच इंजिनाच्या हेडला जाते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणे, त्यात धूळ. प्लगवर काजळी धरायला एवढे पुरते. उसाच्या शिवारात उंदीर कमी नाहीत. उभ्या गाडीच्या बोनेटखाली शिरून ते इंजेक्टरची वायर कुरतडतात, म्हणून कुठलेही यंत्र लावण्याआधी टॉर्च घेऊन वायरिंग पाहावे. त्याला खर्च काहीच नाही.

भारतात २०१३ पासून मोटारींत असलेली ओबीडी-२ प्रणाली क्रँकच्या फिरण्यातला बारीक चढउतार मोजून मिसिंग ओळखते. स्कॅनर लावल्यावर पी०३०१ हा कोड आला तर दोष पहिल्या सिलेंडरमध्ये, पी०३०२ आला तर दुसऱ्यात. पी०३०० म्हणजे दोष एका जागी नाही. कोड जागा दाखवतो, कारण सांगत नाही. कारण शोधण्याची सोपी रीत अदलाबदलीची आहे. पहिल्या सिलेंडरची कॉईल तिसऱ्यावर बसवावी. कोड तिच्याबरोबर पी०३०३ झाला तर कॉईलच खराब. जागचा हलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर याच पद्धतीने तपासावा. चालू इंजिनाची प्लगवायर उपटून पाहण्याची जुनी सवय सोडलेली बरी. तिथे हजारो व्होल्ट असतात, शिवाय न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर सुरळीत असेल तर संशय प्रथम प्लग-कॉईलवर घ्यावा, कारण सीएनजीला जोरकस ठिणगी लागते.

सगळ्या सिलेंडरवर दोष फिरत असेल तर हवा-इंधनाचे प्रमाण तपासावे. इनटेक मॅनिफोल्डच्या पाइपाला फट असली की जादा हवा शिरते आणि बहुधा पी०१७१ हा कोड दिसतो; असे मिसिंग आयडलिंगला जास्त आणि रेस वाढवली की कमी होते. गाडीतल्या फ्युएल पंपाचा दाब कमी असेल तर उलट घडते, भाराखाली गाडी मरते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पाणी शोषते. ते प्रमाणाबाहेर शिरले तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे होतात. टाकी भरल्यापासूनच दोष सुरू झाला असेल तर तळाचे इंधन काढून पाहावे. मात्र प्रत्येक मिसिंगचे खापर इथेनॉलवर फोडण्याची सध्याची रीत आळशीपणाची आहे.

ठिणगी आणि इंधन ठीक निघाले तर कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलेंडरचे कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजतात: आकडा वाढला तर रिंगा झिजलेल्या, न वाढल्यास बहुधा व्हॉल्व्ह. शेजारच्या दोन सिलेंडरचे एकदम कमी असेल तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा.

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगीच नसते. तिथे इंधनाच्या लायनीत धरलेली हवा, फिल्टरमधले पाणी आणि इंजेक्टर हे पहिले संशयित.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकू लागला तर मिसिंग कन्व्हर्टर जाळण्याइतके वाढलेले असते. रेस सोडावी, गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि घाट असेल तर टो करून आणावी. कन्व्हर्टरची किंमत प्लगच्या संचापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते.