स्टॅमफर्ड

स्टॅमफर्ड : इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातील बाजारपेठेचे ऐतिहासिक शहर व घोड्यांच्या टपालगाड्यांच्या काळातील महत्त्वाचा थांबा. लोकसंख्या सुमारे २०,०००. ते परगण्याच्या नैर्ऋत्य टोकास वेलंड नदीकाठी, लंडनच्या उत्तरेस सुमारे १४५ किमी.वर वसले आहे. नावाचा मूळ अर्थ ‘दगडी उतार’ असा असून नदी ओलांडण्याच्या या जागेमुळेच येथे वस्ती वाढली. लंडन–यॉर्क–एडिंबरो हा ‘ग्रेट नॉर्थ रोड’ शहरातून जाई.

डेन लोकांच्या अमलाखालील पाच प्रमुख नगरांत स्टॅमफर्डची गणना होई. मध्ययुगात लोकरीच्या व्यापाराने ते संपन्न झाले. पुढे तो व्यापार ओसरला. अठराव्या शतकात पथकर घेऊन रस्ते दुरुस्त ठेवणारी मंडळे स्थापन झाली, वाहतूक वाढली आणि शहराला दुसऱ्यांदा बरकत आली.

तोवर टपाल घोडेस्वार पोऱ्यांकरवी जाई. ते संथ असे व वाटेत लुटलेही जाई. बाथ येथील नाट्यगृहचालक जॉन पामर याच्या योजनेनुसार २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून दुपारी चारला निघालेली टपालगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडनला पोहोचली. १७८६ पर्यंत एडिंबरो मार्गही या व्यवस्थेत आला व त्याची गाडी स्टॅमफर्डमधून जाऊ लागली. चार घोड्यांच्या या गाडीत आत चार उतारू बसत. मागे तांबड्या गणवेशातील रक्षक बंदूक, पिस्तुले आणि पेटीत कुलूपबंद केलेले घड्याळ घेऊन असे. टपाल खात्याचा नोकर तोच. घोडे व गाडीवान मात्र वाटेवरच्या सराईवाल्यांकडून कराराने घेतले जात. रक्षकाचे शिंग ऐकताच नाकेदार फाटक उघडे, कारण टपालगाडीला पथकर माफ होता. साधारण दर १६ किमी.वर ताजे घोडे जुंपले जात. लंडनहून रात्री आठला सुटलेली गाडी पुढे वेग वाढल्यावर पहाटेच स्टॅमफर्ड गाठी.

या वेगाचा खरा आधार सराया होत्या. कमानीतून गाडी थेट चौकात येई. तेथे तबेले, वैरणीची कोठारे, स्वयंपाकघर आणि मुक्कामाच्या खोल्या असत. जुंपणी तयार ठेवणारे मोतद्दार मोजक्या मिनिटांत घोडे बदलीत. लोहार, खोगीरकार, चाके बनविणारे सुतार, गवत व ओट पुरविणारे शेतकरी या सर्वांचा चरितार्थ सराईवर चाले. त्यामुळे सराईची भरभराट ही साऱ्या पंचक्रोशीची भरभराट असे. येथील ‘द जॉर्ज’ ही सर्वांत प्रसिद्ध सराई. टपालगाड्यांखेरीज खासगी प्रवासी गाड्याही तेथे थांबत. दोन्ही दिशांच्या मिळून रोज सुमारे चाळीस गाड्या येत, असे सांगितले जाते. दाराच्या दोन बाजूंच्या खोल्यांवर ‘लंडन’ व ‘यॉर्क’ अशी नावे असून दक्षिणेकडचे व उत्तरेकडचे उतारू तेथे आपापल्या गाडीची वाट पाहत. सराईची पाटी रस्त्यावर आडव्या टाकलेल्या तुळईवर आहे.

१८४६ मध्ये स्टॅमफर्डला रेल्वे आली. त्याच वर्षी लंडनहून सुटणारी अखेरची टपालगाडीही बंद झाली. १८५२ मध्ये उत्तरेकडील मुख्य लोहमार्ग पीटरबरोहून ग्रँटमकडे नेण्यात आला व स्टॅमफर्ड त्या वाटेबाहेर राहिले. अनेकांची रोजी गेली, मोठे कारखाने येथे फारसे आले नाहीत. पण त्यामुळेच फिकट चुनखडीच्या जुन्या इमारती पाडण्याची पाळी आली नाही. शहराच्या मंदावलेल्या काळाने त्याचे सौंदर्य राखले, हा स्टॅमफर्डच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग होय.

१९६० मध्ये बाह्यवळण मार्ग झाल्यावर ए१ची (जुन्या ग्रेट नॉर्थ रोडची) अवजड वाहतूक शहराबाहेर गेली. १९६७ मध्ये इंग्लंडमधील पहिले संवर्धन क्षेत्र म्हणून येथील जुना भाग घोषित झाला. मध्ययुगीन चर्चवास्तू आणि विल्यम सेसिल याने बांधलेला, शहरालगतचा बर्ली हाउस हा सोळाव्या शतकातील प्रासाद प्रेक्षणीय आहेत. बर्लीच्या उद्यानात १९६१ पासून घोडेस्वारीच्या प्रसिद्ध स्पर्धा भरतात. शुक्रवारचा बाजार आजही भरतो. ‘द जॉर्ज’ आता हॉटेल आहे. गाड्या शिरत त्या चौकात पाहुण्यांच्या पंगती बसतात आणि तुळईखालून रस्ता पूर्वीसारखाच वाहतो.